चार बाणांत एक डुक्कर

कंपनीच्या बसमधून उतरताना माझा पाय पायरीवरून सटकला आणि घोट्याच्या वरचं हाड मोडलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात मी कामाला आहे. माल बाहेर पडण्याआधी तो तपासणारी जी प्रयोगशाळा असते, तिथे. इतक्या वर्षांत सलग आठवडाभर सुटी मी कधी घेतली नव्हती, आणि आता डॉक्टरांनी एकदम दोन महिन्यांची रजा लिहून दिली. महाडात मी एकटी राहते, त्यामुळे आई उमरठच्या घराला कुलूप घालून, कोंबड्या शेजारणीच्या हवाली करून माझ्याकडे आली. माझा धाकटा भाऊ मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो एका रविवारी मला बघायला आला आणि जाताना माझ्या लॅपटॉपवर एक खेळ टाकून गेला.

"ताई, दिवसभर पाय वर करून बसशील तर डोकं फिरेल तुझं," तो म्हणाला. "मी रोज संध्याकाळी ह्याच्यावर असतो. तू पण ये. गप्पा मारत खेळू."

खेळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तसले पुष्कळ आहेत. इंटरनेटवरचं एक भलंमोठं जग. डोंगर, जंगलं, नद्या, बाजार. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून त्या जगात वावरतात, प्रत्येकाचं एकेक पात्र. भावाने मला एक तिरंदाज बाई करून दिली. हिरवा अंगरखा, पाठीवर भाता, आणि धावायला दोन धडधाकट पाय. प्लास्टरमध्ये अडकलेल्या बाईला तेवढं आमिष पुरेसं होतं.

पण खरं आमिष भावाचं होतं. तो मुंबईला गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं आक्रसत चाललं होतं. जेवलास का, आईचं औषध संपलं का, गावी कधी येतोस. तीन वाक्यं झाली की दोघंही फोन ठेवायला मोकळे. भांडण नव्हतं, अंतर होतं. हातात काहीतरी काम असलं की माणसं बरी बोलतात, हे मला प्रयोगशाळेतल्या अनुभवावरून ठाऊक होतं. म्हणून मी ठरवलं की हा खेळ शिकायचा.

पहिल्याच संध्याकाळी अडचण कळली. खेळात प्रत्येकाची एक पातळी असते, त्याला सगळे लेव्हल म्हणतात. मी पहिल्या लेव्हलला, दक्षिणेकडच्या एका खोऱ्यात. भाऊ शेवटच्या लेव्हलला, उत्तरेच्या टोकाला, बर्फाच्या डोंगरावरच्या शहरात. मी त्याच्याकडे जायला निघाले असते, तर वाटेतल्या पहिल्याच जनावराने एका फटक्यात मला संपवलं असतं. मग तोच माझ्याकडे आला. सोनेरी चिलखत घातलेला, हातात त्याच्याहून उंच तलवार. माझ्या समोरच्या रानडुकराला त्याने नुसता धक्का दिला, ते मेलं. दुसऱ्यालाही तसंच. मी बाण काढेपर्यंत सगळा माळ मोकळा.

"आता मला गुण मिळाले का?" मी हेडफोनवर विचारलं.

"नाही ना. मोठ्या लेव्हलवाला बरोबर असला की छोट्याला काही देत नाहीत. चीटिंग होते असं त्यांचं म्हणणं."

"म्हणजे तुझ्या मुलखात मी मरते, आणि माझ्या मुलखात तू आलास की मला काही मिळत नाही. मग आपण बरोबर खेळायचं कुठे?"

"तू लेव्हल वाढव. चाळीस झालीस की आमच्या ग्रुपबरोबर फिरू शकतेस. सुरुवातीला जरा बोअर आहे, पण शेवटची लेव्हल झाली ना ताई, की खरा गेम चालू होतो."

"आणि त्याच्या आधी जे आहे ते काय?"

"ते करावंच लागतं."

मी हट्टी आहे. शाळेत पोलादपूरला असताना मला पाठांतर जमत नसे, तरी पूर्ण आवर्तसारणी घोकून टाकली होती. चाळीस तर चाळीस, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ आणि चहा उरकून, पायाखाली उशी घेऊन मी कामाला लागले.

डुकरं मारायची. ठरलेली डुकरं मेली की गावातल्या पाटलाकडे जायचं. तो म्हणायचा, शाब्बास, आता लांडगे मार. लांडगे मारले की एक म्हातारा वैद्य म्हणायचा, मला खोकला आहे, रानातून अमुक पानं आण. पानं नेऊन दिली की तो आभार मानायचा, आणि माझी पाठ फिरण्याआधीच मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला म्हणायचा, मला खोकला आहे. त्या गावाला मी लांडग्यांपासून वाचवलं असं मला वाजतगाजत सांगण्यात आलं, आणि मान वळवून बघते तर तेच लांडगे त्याच कुंपणाशी, त्याच जागी. मेलेलं डुक्कर मी पाणी पिऊन येईपर्यंत पुन्हा उभं असायचं.

आई माझ्या शेजारी जमिनीवर बसून मोड आलेले वाल सोलत असायची. ती पडद्याकडे बघायची, हात चालूच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने विचारलं, "ह्या डुकराला मगाशीच मारलंस ना गो?"

"हे दुसरं आहे आई."

"दुसरा कसला? शेपटी पन तशीच वाकडी हाय."

मी हसले, पण ते वाक्य मला लागलं. हळूहळू माझं हसू आटत गेलं. आठवड्यामागून आठवडा गेला. मी खोऱ्यातून जंगलात पोचले, जंगलातून दलदलीत. डुकरं काळी झाली, मग त्यांना सुळे आले, मग अंगावर शेवाळ आलं. चाल तीच, हल्ला तोच, मरताना कुशीवर पडणंही तेच. संध्याकाळी भाऊ यायचा, त्याच्या डोंगरावरून बोलायचा. पण माझं लक्ष बाणांकडे आणि त्याचं त्याच्या लढाईकडे. दोघं दोन टोकांना. आमचं बोलणं आता "कितवी झाली?" इथे येऊन थांबलं होतं. "जेवलास का" पेक्षाही ते गरीब होतं.

पेशाने मी तपासनीस. शंका आली की मोजून बघते, त्याशिवाय मला चैन पडत नाही. एका दुपारी मला आठवलं की पहिल्या दिवशी एक डुक्कर चार बाणांत पडलं होतं. आता माझ्याकडे चांगलं धनुष्य होतं, माझी ताकद कितीतरी पट वाढलेली दाखवत होते. मी समोरच्या शेवाळी डुकरावर बाण सोडले. एक, दोन, तीन, चार. पडलं. पुढच्यावर सोडले. चार. मी वाढत होते तितकीच डुकरंही वाढत होती. धनुष्य बदललं, अंगरखा बदलला, आकडा बदलला, आणि मी होते तिथेच होते.

मी लॅपटॉप मिटला. कंटाळा आला होता, त्याहून जास्त फसवल्यासारखं वाटत होतं. तेच-तेच करण्याचा मला राग नाही, हे इथे सांगायला हवं. माझं पोटच तेच-तेच करण्यावर चालतं. ब्युरेटची काचेची नळी भरायची, थेंबाथेंबाने सोडायची, रंग पालटला की थांबायचं, लिहायचं, पुन्हा भरायची. पण तिथे पुढचा थेंब काय करेल हे मला माहीत नसतं. रंग वेळेआधी पालटला तर सगळा माल अडतो, फोन जातात, कोणीतरी धावत येतं. माझा थेंब कुठेतरी लागतो. प्लास्टर निघाल्यावर घोट्याचे जे व्यायाम दिले होते, तेही रटाळ होते, पण दर थोड्या दिवसांनी पाय केसभर जास्त वाकायचा आणि ते वाकणं माझं असायचं. लावणीच्या दिवसांत आई वाकून वाकून भाताचं आवण, म्हणजे रोपं, लावते, तेव्हा मागे वळून बघितलं तर हिरवी पट्टी दिसते. खेळातल्या डुकरामागे काहीच राहत नव्हतं. ते मेलं हेसुद्धा कोणाला पटत नव्हतं, त्या डुकरालाही नाही.

भावाला मी हे सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ. कंपनी लेव्हल विकते. पैसे भरले की डायरेक्ट चाळीसला. मी देतो, तुझ्या वाढदिवसाचं समज."

"कोण विकतं?"

"गेमवालेच."

"ज्यांनी खेळ बनवला तेच लोक तो खेळावा लागू नये म्हणून पैसे घेतात?"

"तसं नाही..." तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. "तसंच आहे यार."

आपल्याकडच्या खानावळीत जेवण न वाढण्याचे जादा पैसे मागितले, तर गिऱ्हाईक काय करेल? मी नको म्हणून सांगितलं. खेळही सोडणार नव्हते. अर्ध्यावर टाकलं तर तो माझा भाऊ तिकडे बर्फात उभाच राहणार होता, आणि आम्ही पुन्हा तीन वाक्यांवर येणार होतो.

वाट निघाली ती आईच्या तोंडून, तीही वैतागाने. मी दलदलीच्या काठावर बसले होते, समोर एक डुक्कर.

"काय गो, त्याला सोडून बाजूने जाता येत नाय का? दरवेळी मारायलाच पायजे?"

"गुण कसे मिळतील मग?"

"गुन कशाला पायजेत तुला? बाळाकडे जायचंय ना?"

भावाला ती अजून बाळच म्हणते. मी मनात हिशोब मांडला. गुण लागतात ते लेव्हलसाठी, लेव्हल लागते ती वाटेत मरू नये म्हणून. पण न मरण्यासाठी मारलंच पाहिजे असं कुठे लिहिलं होतं? उत्तरेकडची वाट बंद नव्हती, धोक्याची होती. आहे त्याच लेव्हलवर, कोणालाही न मारता, त्या बर्फातल्या शहरापर्यंत चालत जायचं असं मी तिथल्या तिथे ठरवलं. भावाला सांगितलं नाही.

दलदल ओलांडून मी पुढे झाले आणि लगेच मेले. खेळात मेलं की आपण गाठलेल्या शेवटच्या मैलाच्या दगडापाशी पुन्हा जिवंत होतो, एवढी त्याची कृपा. पुन्हा निघाले, पुन्हा मेले. पण ह्या वेळी मरायच्या आधी एक गोष्ट बघितली होती: दलदलीपलीकडचे मोठे सरडे आवाजाला धावतात, हळू चालणाऱ्यावर धावत नाहीत. मी धावणं सोडलं आणि पुढच्या दगडाला पोचले. तो दगड हाताला लागल्यावर मला जो आनंद झाला, तसा कुठल्याच लेव्हलने दिला नव्हता. आईने वालाचं ताट बाजूला सारलं.

मग आला दगडी पूल. त्याच्यावर दोन राक्षस पहारा देत येरझारा घालायचे, एक ह्या टोकाकडून, एक त्या. मी दरीच्या कडेला लपून नुसती बघत बसायचे. दोघं मधोमध भेटायचे आणि पाठी फिरवायचे. आमच्या लक्षात आलं की अलीकडचा राक्षस टोकाला येऊन वळला, की त्याच्या पाठोपाठ मधल्या खांबापर्यंत जाता येतं आणि खांबाआड उभं राहता येतं. मी म्हणते "आमच्या", कारण तोवर आई पहाऱ्याला लागली होती. मी बटणं दाबत असायचे, ती डोळे लावून बसायची.

"थांब... थांब गो... वळला! जा आता, जा!"

मी गेले. पलीकडच्याने पाहिलं आणि फेकून दिलं मला दरीत.

"तू दम खाल्लास," आई म्हणाली. "वळला म्हटलं की जायचं. इचार नाय करायचा."

त्या पुलावर मी डुकरांइतक्याच वेळा तेच ते केलं असेल. दोन दिवस तेच. तरी कंटाळा शिवला नाही, आणि ह्याचंच मला राहून राहून नवल वाटत होतं. प्रत्येक मरणातून काहीतरी कळत होतं आणि जे कळत होतं ते माझ्या पात्राच्या खात्यावर जमा होत नव्हतं, माझ्यात होत होतं. तिसऱ्या दिवशी मी खांबाआडून निघाले, पलीकडच्याच्या पाठीशी चिकटून पुलाच्या टोकाला आले आणि तो वळायच्या आत उतरणीवर उडी टाकली. आईने टाळी वाजवली. माझी तिरंदाज बाई लंगडत उतरत होती, मीही तेव्हा काठी घेऊन घरात लंगडत होते.

शेवटची अडचण म्हणजे खिंड. पांढरे लांडगे आणि लपायला आडोसा नाही. वासावरच येत ते, आवाजाचा प्रश्नच नव्हता. सगळ्या युक्त्या थकल्या. आठवडाभर मी एकाच वळणावर मरत होते. भाऊ संध्याकाळी विचारायचा, "कितवी झाली?" आणि मी म्हणायचे, "आहे तिथेच आहे." त्याला वाटायचं मी सोडलं.

आई म्हणाली, "आता पुरे कर. डोळे बघ कसे झालेत."

"मी पोचणार आहे," मी म्हटलं. मी इतकं जोरात म्हटलं की ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली.

तो चहा पिताना मला खिंडीच्या उजव्या कड्यावर एक आडवी रेघ दिसली. खडकाचीच, पण सावली पडत होती, म्हणजे तिला रुंदी होती. एक पाऊल मावेल एवढी. खेळ बनवणाऱ्यांनी ती वाट म्हणून काढली होती असं मला वाटत नाही, चित्रात राहून गेली असावी. मी तिच्यावर चढले आणि एकेक पाऊल टाकायला लागले. पडले की मरण होतंच. पडले बऱ्याचदा. पण खाली लांडगे तोंड वर करून नुसते फिरत राहायचे, त्यांना चढता येत नव्हतं.

रविवारी दिवेलागणीला मी शहराच्या वेशीत शिरले. चौकात सोनेरी चिलखतांचा घोळका उभा होता. त्यात भावाचं पात्र मी लगेच ओळखलं आणि त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी हेडफोन लावला.

"मागे बघ."

सोनेरी चिलखत गर्रकन वळलं. मग, "ताई? तू... इथे? ह्या लेव्हलवर? हे पॉसिबलच नाही!"

"चालत आले."

त्याचे मित्र माझ्याभोवती जमले, जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघावं तसे. सगळे एकदम बोलत होते. आईने मधेच माझ्या कानावरचा हेडफोन ओढून घेतला. "जेवलास का रे बाळा?" तिचा आवाज सगळ्या घोळक्याला ऐकू गेला. लगेच कुणीतरी, "आई, आम्ही पण नाही जेवलो," असं म्हणालं, आणि जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो.

भावाला ती वाट बघायचीच होती. मी त्याला खिंडीच्या कड्यावर नेलं. खेळातला तो केवढा मोठा योद्धा, पण त्या रेघेवर तिसऱ्याच पावलाला कोसळला. चिलखताचा उपयोग शून्य. तो पुन्हा चढला, पुन्हा पडला, आणि इतका हसत होता की त्याला बोलता येईना. कित्येक वर्षांत मी त्याला तसं हसताना ऐकलं नव्हतं. त्यानंतरचे काही रविवार फार छान गेले. भावाने आणि त्याच्या तिघा-चौघा मित्रांनी नवी पात्रं केली, पहिल्या लेव्हलची, आणि आम्ही सगळे मिळून कोणालाही न मारता दक्षिणेहून उत्तरेला चालत गेलो. रात्रपाळ्या, मुंबईतली खोली, त्याला पटलेली आणि मग न पटलेली एक मुलगी, हे सगळं भाऊ त्या चालण्यात बोलला. मीही बोलले. दोघांच्या हाताला काम होतं.

मी कामावर रुजू झाले, आई उमरठला परतली, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने खेळात आणखी लेव्हल वाढवल्या. जे शेवटच्या लेव्हलला होते ते एका सकाळी मधेच कुठेतरी उरले. भावाचं सोनेरी चिलखत, ज्याच्यासाठी त्याने दोन वर्षं घातली होती, ते बाजारात कोणी फुकट घेईना. मित्र मुकाट्याने पुन्हा वर चढायला लागले. चालण्याचे रविवार बंद पडले. भावानेही आठवडाभर प्रयत्न केला. मग त्याचा फोन आला.

"ताई, आज कामावरून आल्यापासून डुकरं मारतोय. तीच डुकरं आहेत. फक्त निळी केलीत."

"मग?"

"मग काय. करावंच लागतं."

"नाही लागत," मी म्हटलं. "मी करणार नाही. तूही करू नकोस. आपण दुसरं काहीतरी बघू, आपल्याला बरोबर बसून बोलता येईल असं. पण हे नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला, "काढून टाकतो." आणि मी फोनवर असतानाच त्याने तो खेळ काढून टाकला.

आता आम्ही एक छोटासा खेळ खेळतो. त्यात लेव्हल नाही, चिलखत नाही, गुण नाहीत. एक होडी आहे आणि दोन वल्ही, एक त्याच्या हातात, एक माझ्या. दोघांचा हात जुळला नाही की होडी गोल फिरते. आमची बहुतेक वेळा गोलच फिरते. गेल्या शनिवारी मी उमरठला गेले होते, तिथून खेळत होतो. आईचं माहेर खाडीकाठचं, दासगावचं. तिने आमची होडी थोडा वेळ बघितली आणि कपाळाला हात लावला.

"ह्यांना दोघांना पान्यात सोडू नका रे कोणी," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून जवळ बसली. तेवढ्यात होडी खडकावर आपटली. भाऊ तिकडून ओरडला, "तुझी चूक!" मी म्हटलं, "तुझी!" आणि आम्ही पुन्हा काठावरून निघालो.